ताट वाढलंय

वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून छोटीला दुसरीकडे हलवायची गोष्ट तिच्यापासून शेवटपर्यंत लपवायची, असंच ठरलं होतं. पण पोटच्या पोरीचं जाणं आईपासून किती लपणार? सकाळी आबांनीच सांगून टाकलं. आबांचं म्हणणं, या घरातून कोणी न भेटता जायचं नाही. त्यांचा धाकटा भाऊ तसा गेला होता. त्याला आता किती वर्षं झाली, पण अजून दार वाजलं की म्हातारा आधी मान वर करतो आणि मग ऐकतो, कोण आहे ते. तेव्हापासून घराचा हा एकच कायदा होता. बाकी कशावरही या घरात कधी एकमत झाल्याचं कुणाला आठवत नाही.

तर सकाळी वहिनीला कळलं, आणि दुपारी काडीला.

"कुणाला?" आत्याने विचारलं. ती नुकतीच आली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती.

"काडीला," वहिनी म्हणाली. ती बटाटे सोलत होती. "दुपारी आला होता. म्हणाला, छोटी फोन उचलत नाही, कुठाय? मी म्हटलं, वर आहे. म्हणाला, काय करतेय? मी म्हटलं, आवरतेय. म्हणाला, कुठं निघाली?"

"आणि तू सांगितलंस."

"मग काय करू? विचारलं ना त्यानं!"

"वहिनी!"

"अगं, या ओट्याशी बसून जेवलेला पोरगा तो. त्याच्या तोंडावर खोटं कसं बोलायचं? म्हटलं, संध्याकाळी जातेय, आत्या नेतेय, येऊन भेटून जा. नंतर रुखरुख नको कुणाला."

आत्या भिंतीला टेकली. टोळ्यांत अडकलेल्या पोरापोरींना बाहेर काढणाऱ्या केंद्रात तिने अर्धं आयुष्य घालवलं होतं. इस्पितळाच्या बाकांवर, मैदानांच्या कडेला, शाळेतून काढून टाकलेल्या मुलांच्या घरी जाऊन ती आयांना एकच गोष्ट परत परत सांगायची, की मूल निघायचं ठरलं की कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नका, त्याच्या जिवलग मित्राला तर अजिबात नाही. आणि तिच्याच घरात जिवलग मित्राला आमंत्रण गेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"काडी मामाचा माणूस आहे, वहिनी."

"तो मामा कुणाचा मामा लागून गेलाय? मला भाऊ नाही," वहिनी म्हणाली. पण हातातला बटाटा तिने खाली ठेवला. तिचा चेहरा एकदम उतरला. "काय केलं गं मी? पोरीला काही होईल?"

आत्याने पिशवी खांद्यावरून उतरवली. मागच्या महिन्यात मामाने आपल्या टोळीत ओढलेल्या छोटीला एक साधं काम सांगितलं होतं. काचवाल्याच्या मुलाने मामाचं काहीतरी ऐकलं नव्हतं; त्याला फक्त मैदानामागे घेऊन यायचं. शाळेत एका वर्गात होते दोघं, छोटीने बोलावलं आणि तो आला. नुसतं धमकावणार आहेत असं तिला वाटलं होतं. पोरगा जगला, पण त्याचा उजवा हात मनगटापासून खाली हलत नाही. त्यानंतर चार रात्री छोटी झोपली नाही आणि पाचव्या दिवशी आत्याच्या केंद्रात येऊन बसली. तिने तिथे कोण कोण होतं ते पाहिलं होतं. आणि पाहिलेल्या माणसाला मामा असा सहजासहजी सोडत नाही.

आत्याने मागच्या खोलीत जाऊन मास्तरला फोन लावला. केंद्राचा नियम असा की स्वतःच्या नात्यातलं माणूस स्वतः हाताळायचं नाही. नात्याने हात कापतो. म्हणून छोटीचं सगळं मास्तरकडे होतं. मास्तर कुठल्या शाळेत शिकवायचा नाही. एके काळी दुसऱ्या एका टोळीत नव्या पोरांना तयार करायचा, त्यावरून हे नाव पडलं होतं. ते काम सोडून त्याला पुष्कळ वर्षं झाली, नाव मात्र चिकटून राहिलं.

"वेळ बदलू नका," सगळं ऐकून मास्तर म्हणाला. "वेळ बदलली तर त्यांना कळतं की आपल्याला कळलंय. पोरगा येतोय ना? येऊ द्या. बाहेर फिरणाऱ्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर बसलेला बरा. ते केंद्राच्या पांढऱ्या गाडीची वाट बघत बसतील."

"आणि तू?"

"मी खुर्ची न्यायला येतो. ठरलंय तसंच."

*

खाली कारखान्यात छोटीचा बाप, दादा, त्याच खुर्चीवर वाकला होता. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली, खुर्च्या-सोफ्यांचे सांगाडे, फोमच्या थप्प्या आणि कापडाचे गठ्ठे. आबांनी सुरू केलेला हा धंदा आता दादा चालवत होता. उंच पाठीची ती खुर्ची एका डॉक्टरीणबाईंची होती. तिचं नवं कापड दादाने सकाळपासून दोनदा ताणून बसवलं होतं आणि दोनदा उसकटलं होतं.

"मी काय म्हणतो," काका म्हणाला. दादाचा हा धाकटा भाऊ विमा कचेरीत होता, आणि ज्याचं पोट अपघातांवर चालतं त्याला सगळीकडे अपघातच दिसतात. "पोरीला आत्ताच मागच्या दाराने काढू. मी माझ्या गाडीने सोडतो."

"मागच्या गल्लीत कोण उभं आहे ते पाहिलंस?"

"नाही."

"मग गप्प बस."

"तुला काय, तुला ती गेली म्हणजे झालं," काका एकदम बोलून गेला. "महिना झाला, बोललायस तरी का तिच्याशी?"

दादाने हातोडी खाली ठेवली. महिनाभर तो छोटीशी बोलला नव्हता हे खरं होतं. बोलायला तोंड उघडलं की त्याला काचवाल्याचा मुलगा दिसायचा. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. दादाने ते लावून दिलं, आणि पोराने "थँक यू काका" म्हटलं. हात गेला म्हणजे काय गेलं, हे या घराला कुणी सांगायला नको होतं. इथे प्रत्येकाचं पोट हातावरच होतं. आणि त्याच्याच पोरीने त्या मुलाला तिथे नेलं होतं. पण आज सकाळपासून दादाला राग आठवतच नव्हता. पोरगी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत तरी पोचेल का, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. हे तो काकाला सांगणार नव्हता. मेला असता तरी सांगितलं नसतं.

"त्या कोपऱ्यावर, सायकलच्या दुकानापाशी, दोघं दुपारपासून उभे आहेत," तो म्हणाला. "एकाच्या हातात पंक्चरची ट्यूब आहे, पण सायकल नाही."

काकाने शटरच्या फटीतून पाहिलं आणि लगेच मागे झाला.

"आपण पोलिसांना..."

"केंद्रातून ताईने सांगितलंय त्यांना. येऊन जातील म्हणाले, एक चक्कर मारतील. चक्कर मारून झाल्यावर काय? तू उभा राहणार आहेस दारात?"

 काकाने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि तोच रुमाल हातात पिळत बसला.

*

काडी आला तेव्हा उन्हं उतरली होती. दिसायला नावाप्रमाणेच होता. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि फोन गुडघ्यावर ठेवला. समोर आबा. ओट्यापाशी वहिनी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आत्या. आणि जिन्यात, कठड्याला धरून, छोटी.

त्याने ठरवलं होतं की छोटीकडे बघायचं नाही. पण आत येतानाच दिसलं, तिने केस कापले होते. शाळेत असताना होते तेवढे.

"आलास, बरं केलंस," आबा म्हणाले. "निरोपाला माणूस आलं की जाणाऱ्याचे पाय जड होत नाहीत."

"हो, आबा."

"तुझी आई बरी आहे?"

"बरी आहे."

"दम्याचं कसंय?"

"आहे तसंच."

गुडघ्यावरचा फोन थरथरला. काडीने पाहिलं. *आली का गाडी?* त्याने अंगठ्याने लिहिलं, *नाही अजून.* हे खरंच होतं. काम अगदी सोपं होतं. पांढरी गाडी आली, ती बसली, की एक शब्द पाठवायचा. पुढचं कोपऱ्यावरचे दोघं आणि चौकात थांबलेला मामा बघून घेणार होते. मामा म्हणाला होता, तिला काही करायचं नाही, नुसतं समजवायचंय. काचवाल्याच्या मुलाच्या वेळीही हेच म्हणाला होता. तेव्हा काडीने त्या पोराचे खांदे धरले होते. अजून रात्री कूस बदलताना त्याच्या हातांना ते खांदे जाणवत.

"काडी," वहिनी म्हणाली, "हे घे." तिने कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. "छोटीसाठी लोकरीचे मोजे विणले होते, तिकडे थंडी असेल म्हणून. आत्या म्हणते, सामान काही न्यायचं नाही. तुला येतील. तुझे पाय मेले कायम गार असतात."

काडीने कागद हातात घेतला.  मग तो छातीशी धरला.

"मला त्यांनी पाठवलंय," तो म्हणाला.



"ठाऊक आहे," आत्या शांतपणे म्हणाली. "किती जण आहेत?"

"कोपऱ्यावर दोघं. मागच्या गल्लीत एक. मामा चौकात, गाडीत. पांढऱ्या गाडीच्या मागे लागायचं, पूल ओलांडला की अडवायचं. मी फक्त कळवायचं." मग तो पहिल्यांदा छोटीकडे वळला. "मी नाही कळवणार. आईशप्पथ, नाही कळवणार."

"गाढवा," छोटी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मग तुझं काय होईल?"

 तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा, नेहमीच्या गिऱ्हाइकाने वाजवावा तसा.

*

मास्तरने बरोबर दिवेलागणीची वेळ धरली होती. रस्ता तेव्हा सगळ्यात भरलेला असतो. कचेऱ्या सुटलेल्या, दुकानांत गर्दी, जो तो आपल्या घाईत. रात्री निघालेली गाडी सगळ्यांच्या डोळ्यांत येते, संध्याकाळी निघालेल्या गाडीला जो तो शिव्या घालतो आणि विसरतो. त्याने सामानाची गाडी दुकानासमोर आडवी लावली, मागचं दार उघडलं आणि मोठ्याने ओरडला, "मालक, झाली का खुर्ची? बाईंनी डोकं खाल्लंय माझं!"

छोटीने दादाचा कामाचा जुना अंगरखा घातला होता. डोक्यावर टोपी, तोंडाला फोमची भुकटी जाऊ नये म्हणून बांधायचं फडकं. तिने आबांच्या पायांना हात लावला, आईला मिठी मारली, आत्याकडे नुसतं पाहिलं. मग ती खाली कारखान्यात आली. खुर्चीचं एक टोक काका धरणार, दुसरं छोटी, असं ठरलं होतं. काका पुढे झाला. त्याचे हात एवढे कापत होते की खुर्चीचा पाय जमिनीवर वाजायला लागला.

"बाजूला हो," दादा म्हणाला.

त्याने खुर्चीची पाठ धरली. समोर छोटी. उंच पाठीमुळे तिला त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते तिच्यावर नव्हते, तिच्या हातांवर होते.

"कमरेतून नको वाकूस," तो म्हणाला. "गुडघ्यातून उचल. पाठ सरळ ठेव."

लहानपणी पहिल्यांदा स्टूल उचलायला शिकवलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता. छोटीने मान हलवली. 

दोघं बाहेर आले. कोपऱ्यावरच्या दोघांपैकी एकाने मान वळवली, खुर्ची पाहिली, आणि परत रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथून पांढरी गाडी येणार होती तिकडे नजर लावली. दादाने तिकडे मान वळवली नाही. "सावकाश," तो म्हणाला. "घाई नको. कापड घासेल." खुर्ची आत गेली. छोटी ती बांधायला म्हणून आत चढली आणि खुर्चीच्या पाठीमागे खाली बसली. दादाने दोरी आवळली. गाठ मारताना त्याचा हात क्षणभर तिच्या डोक्यावरच्या टोपीवर टेकला.

"पोचलीस की कळव," तो एवढंच म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

गाडी गर्दीत शिरली आणि कुणीतरी मागून मास्तरला शिवी घातली. दादा रस्त्यावरच उभा राहिला. मग आठवण झाल्यासारखं त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि काम संपलेल्या माणसासारखा संथपणे आत आला.

*

"आता ह्याचं काय?" काकाने विचारलं.

सगळे स्वयंपाकघरात जमले होते. काडी त्याच स्टुलावर, हातात मोज्यांचा कागद.

"मी जातो," काडी उठत म्हणाला. "सांगतो, निघाली नाही म्हणून."

"आणि उद्या कळल्यावर?" आत्या म्हणाली. "बस खाली. केंद्रात आज जागा नाही, उद्या सकाळी होईल. मी बोलते."

"म्हणजे रात्रभर इथे?" काकाचा आवाज चढला. "ताई, घरात म्हातारा माणूस आहे. ते आले तर? एक संकट गेलं, दुसरं घरात घेताय! दादा, तू तरी सांग. गेल्या महिन्यात तूच म्हणाला होतास ना, त्यांच्यातला एकही या उंबऱ्याच्या आत नको?"

म्हणाला होता. सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. काडीनेही पाहिलं, आणि मग मान खाली घातली. त्या पोराचे खांदे त्याने धरले होते, हे दादाला माहीत होतं. छोटीने सगळं सांगितलं होतं.

 दादा खाली गेला. शटर ओढल्याचा आवाज आला, कुलूप लागल्याचा आला. वर आला तेव्हा त्याच्या हातात किल्ली होती. ती त्याने आबांसमोर ठेवली.

"उद्या सकाळी," तो काडीला म्हणाला. "त्याआधी जागचा हलायचं नाही. आणि कधीतरी त्या काचवाल्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. ते मी सांगेन तेव्हा."

"हो," काडी म्हणाला. 

काका तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "झालं, आता सगळेच मरू." पण गेला नाही. मागच्या दाराची कडी तपासली आणि तिथेच दाराला पाठ लावून उभा राहिला.

आणि फोन वाजला.

काडीच्या हातात तो नुसता थरथरत नव्हता, आता वाजत होता. पडद्यावर एकच शब्द होता: मामा.  आत्या हळू आवाजात म्हणाली, "उचल. सांग, अजून इथेच आहे." काडीने तोंड उघडलं, पण आवाजच येईना. फोन वाजतच राहिला. आता न उचलणं म्हणजे सांगून टाकण्यासारखंच होतं. पूल अजून लांब होता. संध्याकाळच्या गर्दीत गाडी पुलाच्याही पुढे, त्यांच्या आवाक्याबाहेर जायला अजून बराच वेळ हवा होता.

वहिनीने पुढे होऊन त्याच्या हातातून फोन घेतला.

"वहिनी, नको!" आत्या जवळजवळ किंचाळली. "तू नको!"

 या बाईने आयुष्यात कधी शेजारणीला साखर संपली म्हणून खोटं सांगितलं नव्हतं. वहिनीने फोन कानाला लावला.

"हॅलो? नाही, काडी नाही. मी छोटीची आई." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, किंचित त्रासलेला, ओट्यावर दूध ठेवून आलेल्या बाईचा असतो तसा. "तुम्हीच मामा का? बरं झालं बाई, एकदा बोलणं झालं. पोरगी तुम्हाला मामा म्हणते, म्हणजे नात्याने मी तुमची बहीण झाले. इतक्या दिवसांत बहिणीची चौकशी केली नाहीत, भाऊ!"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. 

"कुठे जाणार? अजून गाडीचाच पत्ता नाही. म्हटलं, उपाशी जाऊ नकोस, म्हणून जेवायला बसवलीय. काडीही बसलाय शेजारी. हात खरकटे आहेत दोघांचे. आत्ताच ताट वाढलंय." ती थांबली, ऐकलं. "नाही. पानावरून पोरीला उठवायचं नाही आमच्यात. मामा असाल तर तेवढं ऐका बहिणीचं. जेवून झालं की करते मी फोन."

तिने फोन बंद केला आणि ओट्यावर उलटा ठेवला.   तिने हात पदराला पुसले, परत पुसले. मग तिने मांडणीवरून छोटीचं ताट काढलं, कडेला पोचा आलेलं, दुसऱ्या कुणी घेतलेलं छोटीला न चालणारं. त्यात भात वाढला, बटाट्याची भाजी वाढली, आणि ते काडीसमोर ठेवलं.

"जेव," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "जेव रे बाबा, लवकर. एवढं तरी खरं होऊ दे."